राहून गेलेली फेरी

पोर्टेज अव्हेन्यूला बसमध्ये चढलो, पासचं कार्ड अजून हातातच होतं, तोच समोरच्या सीटवरची एक मुलगी माझ्यासाठी उठली. "बसा ना तुम्ही," म्हणाली. मी मागं वळून पाहिलं. वाटलं, माझ्यामागून कोणी आजोबा चढले असतील. मागं फक्त बंद झालेलं दार होतं आणि दाराच्या काचेत मी होतो: सव्वासहा फूट उंचीचा, अडतीस वर्षांचा, डावा पाय जपून टाकणारा माणूस. सोळा वर्षांत माझे चार दात गेले, नाक दोनदा मोडलं, पण त्या "बसा ना"नं जेवढा हादरलो तेवढा कशानंच हादरलो नव्हतो. नको म्हणावं तर मुलगी उठून उभी, बसमधले सगळे बघतायत. बसलो. बसल्यावर कंबरेतून जी कळ सरकन उतरून गेली, ती इतकी सुखाची होती की मला स्वतःचाच राग आला.

ती सीट उलटी होती, ड्रायव्हरकडे पाठ करून बसायची. लोकांना तसं बसून गरगरतं. मला बरं वाटतं. आइस हॉकीत डिफेन्समनचा जन्म उलटं जाण्यात जातो. समोरून दुसऱ्या संघाचा गडी पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, घेऊन सुसाट येत असतो, आणि आपण त्याच्याकडे तोंड करून, पाठ आपल्या गोलाकडे ठेवून, मागं मागं सरकत राहायचं. त्याच्या छातीवरून नजर काढायची नाही, कारण डोळे फसवतात, हात फसवतात, छाती फसवत नाही. पोटापाण्यासाठी मी सोळा वर्षं उलटा पळालो. आता खिडकीतून विनिपेग शहर माझ्यापासून लांब लांब चाललं होतं, रस्त्याकडेचे काळपट बर्फाचे ढिगारे एप्रिलच्या उन्हात पाणी पाणी होत होते, आणि मला ते सगळं नीट दिसत होतं. पुढं बघणाऱ्यांना गोष्टी आल्या आल्या दिसतात. मला त्या जाताना दिसतात, आणि माझ्या मते त्या जाताना जास्त चांगल्या दिसतात.

"पोरी, कुणाला जागा दिलीस माहितीय का?" ड्रायव्हर बाईनं आरशातून बघत मोठ्यानं विचारलं. या बाईला मी ओळखत होतो, आमच्या प्रत्येक मॅचला वरच्या स्वस्त रांगेत नवऱ्याबरोबर बसलेली असते. "तो कोस्टी आहे. ओरेस्ट कोस्टिन्यूक. ह्यानं आमची सेमीफायनल घालवली."

"तेरा वर्षं झाली हो त्याला," मी म्हणालो.

"माझा नवरा जेवताना अजून तुझं नाव घेतो. चांगल्या अर्थानं नाही. बरं, तुझी गाडी कुठाय?"

"गॅरेजात. बायको म्हणाली, काच तडकलीय."

"आज तरी खेळवणार का तुला? का आजपण कोट घालून वर आमच्याशेजारी?"

"बघू," मी म्हणालो. सगळी बस माझ्या उत्तराकडे कान लावून होती. अकरा मॅचेस मी कोट-टाय घालून वर बसत होतो. पुढच्या वर्षीचा करार नाही, हे पंधरा दिवसांपूर्वीच सांगून झालं होतं. आज घरच्या बर्फावरची शेवटची मॅच. आज नाव लागलं नाही, तर मी कुठल्या मॅचला शेवटचा खेळलो ते मलाही नीट आठवणार नाही, अशी गत होती. निवृत्त व्हायला माझी ना नव्हती. फक्त आपण कधी संपलो हे माणसाला माहीत असावं, एवढंच म्हणणं होतं.

आणि ती सेमीफायनल! त्या पापाचं आता मला गुपचूप हसूच येतं. अशी चूक आमच्याच धंद्यात होऊ शकते. समोरच्या गड्यानं फाऊल केला की पंच हात वर करतो, पण खेळ थांबवत नाही. त्यांच्यातल्या कोणाची काठी पकला लागेपर्यंत आमचं चालू राहतं. म्हणजे तोवर ते गोल करूच शकत नाहीत. म्हणून आमचा गोलकीपर धावत बाहेर येतो, त्याच्याऐवजी एक जादा गडी आत येतो, आणि आमचा गोल मागं सताड उघडा राहतो. बिनधास्त उघडा, कारण धोका कुणापासून? धोका होता माझ्यापासून. मी त्यांच्या कोपऱ्यात पक मिळवला आणि न बघता मागं दिला, जिथं माझा जोडीदार गॅली गेली दोन वर्षं रोज उभा असायचा. गॅली त्या दिवशी तिथं नव्हता. पक एकटाच निघाला. घाई नाही, गडबड नाही, सगळं मैदान पार करून, आमच्या बाकासमोरून, जाता जाता सगळ्यांना रामराम करत आमच्याच गोलात शिरला. दहा हजार माणसं बघत होती आणि कोणाला काही करता येत नव्हतं. मी पळत होतो त्याच्यामागं, सरळ, तोंड पुढं करून. आयुष्यात तेवढा सरळ कधी पळालो नव्हतो. त्या रात्री तातोंचा फोन आला. आम्ही युक्रेनी घरातले, वडिलांना तातो म्हणतो. त्या चुकीचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. नेहमीचं विचारलं, "बर्फ कसा होता?" मी म्हणालो, "गुळगुळीत होता, तातो. फारच गुळगुळीत." पलीकडे ते बराच वेळ खोकत राहिले. ते हसत होते हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तातो डॉफिनच्या पलीकडच्या आमच्या गावात हॉकीच्या मैदानाचा बर्फ चाळीस वर्षं करायचे. नळीनं पाणी मारायचं, थर गोठू द्यायचा, परत मारायचं, वीस-पंचवीस थर. आम्ही पोरं खेळून दमलो की तिथंच पालथी पडायचो, आणि ते लांबून ओरडायचे, "उठा रे! अंगाखाली बर्फ वितळतो, खड्डा पडतो!" जगात त्यांना माणसं खड्डे पाडण्यासाठीच जन्माला येतात असं वाटायचं. मी व्यावसायिक खेळाडू झालो, तरी त्यांनी कधी "कसा खेळलास" विचारलं नाही. बर्फ कसा होता, एवढंच. मीही सोळा वर्षं इमानदारीनं सांगत आलो: कोपऱ्यात मऊ होता, मधे भेगाळला होता, तिसऱ्या डावात पक उड्या मारत होता. बापलेकांत बोलण्यासारखं जे जे असतं ते सगळं आम्ही त्या बर्फावरून बोलून घेतलं.

काल रात्री मीच फोन केला होता. "उद्या शेवटची मॅच आहे, तातो. खेळवतील की नाही माहीत नाही."

"डोळ्यात मोतीबिंदू घेऊन चार तास गाडी मारू का मी?" ते म्हणाले. "रेडिओ लावीन. तू असलास तर नाव येईलच."

"नसलो तर?"

"नसलास तर बंद करीन. बॅटरी वाचेल."

बस थांबली. उतरताना मुलीला थँक्यू म्हणालो, मनापासून. ती लाजली. ड्रायव्हर बाई म्हणाली, "जा रे, उलट्या. आणि मागं बघून दे पास!"

ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर पांढरा फळा असतो. कोच ब्रेथवेट सकाळी त्यावर वीस नावं लिहितो आणि निघून जातो. कोणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून. अकरा मॅचेस मी तो फळा वाचत आलो होतो, दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका वाचावी तसा. आज लांबूनच खालून तिसऱ्या ओळीत 'को' दिसला आणि मी थांबलो. बूट बांधायचे नसताना वाकून बूट बांधला. मग परत वाचलं. शेजारी गॅलांटचं नाव होतं, म्हणजे गॅलीचं. तीच जोडी. मला वाटलं आता आपण गाणं वगैरे म्हणणार. पण तेवढ्यात ब्रेथवेट कॉफी घेऊन समोरून आला, आणि माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "दया म्हणून घेतलंत का, कोच?"

"दया?" तो म्हणाला. "दोन डिफेन्समनचे खांदे निखळलेत आणि एक पोरगा काल दुपारी उत्तरेकडून बोलावून घेतलाय, त्याला धड दाढी येत नाही. दया करायला वेळ कुठाय मला? अर्धा तास आधी ये, आणि कंबरेला बर्फ लाव."

इतकं गोड माझ्याशी कित्येक महिन्यांत कोणी बोललं नव्हतं.

आत गॅली काठीला टेप गुंडाळत बसला होता. गॅली हा समुद्राकाठच्या एका बेटावरचा, मासेमाऱ्यांच्या घरातला. पंधरा वर्षं माझ्या डाव्या हाताला उभा आहे. त्यानं मान वर न करता विचारलं, "बसनं आलास म्हणे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझा वास येतोय बसचा." मग हळूच, कोपऱ्यातल्या नव्या पोराकडे भुवई उडवत: "त्याची आज पहिली मॅच. फेरी आहे."

फेरी म्हणजे आमच्यातली जुनी खोडी. नव्या खेळाडूची पहिली मॅच असली की वॉर्म-अपला सगळे ड्रेसिंग रूममधून बर्फाकडे जाणाऱ्या बोगद्यात रांगेनं उभे राहतात, "चल चल, पळ पळ" करत नव्याला पुढं घालतात; तो जिवाच्या आकांतानं बर्फावर उतरतो, आणि मागचा माणूस दारात काठी आडवी धरून सगळ्यांना अडवतो. पोरगा पळत असतो, त्याला वाटतं आख्खा संघ मागं आहे. अर्ध्या मैदानात कधीतरी वळून बघतो तर कोणी नाही. एवढ्या मोठ्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर तो एकटा, आणि दारात एकोणीस माणसं दात काढतायत. मग हसत, लाजत, लालबुंद होऊन तो एकट्यानं फेरी मारतो. त्याचे आईबाप कुठंतरी काचेला नाक लावून रडत असतात. खोडी म्हणायची, पण सगळ्यांना माहीत असतं की ती भेट आहे. ती आडवी काठी गेली बारा वर्षं माझी होती. चाळीसेक पोरांची फेरी मी दारातून बघितली आहे. माझी स्वतःची मात्र झालीच नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, गॅलीलासुद्धा नाही. अडतिसाव्या वर्षी असलं दुःख सांगायचं म्हणजे मुंज राहिली म्हणून रडण्यातलाच प्रकार.

दुपारी घरी आलो. बायको, जॉसलिन, बहिणीकडे गेली होती, स्वयंपाकघरात चिठ्ठी होती, "जेव, झोप, घोरू नकोस." मॅचच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे झोपतो, लहान मुलांसारखे, पडदे ओढून. झोप कसली येतेय? कंबरेखाली बर्फाची पिशवी, आणि वर छतावर तो पहिला दिवस. बावीस वर्षांचा होतो. गावच्या संघात खेळायचो आणि दिवसा तातोंबरोबर पाण्याची नळी धरायचो. फेब्रुवारीत एका दुपारी बाराला फोन आला: इथल्या दोघांना ताप आलाय, संध्याकाळी सातला उभा राहशील का? तातोंनी नळी तिथंच टाकली. चर्चमधल्या बायकांनी केलेल्या पेरोह्या घरात होत्या, उकडलेल्या, बटाटा भरलेल्या. त्या आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात भरल्या, डबा माझ्या मांडीवर दिला आणि गाडी काढली. अर्ध्या वाटेवर वादळ. पांढरं, सरळ आडवं वाहणारं. आमच्या पुढं बर्फ लोटणारा सरकारी ट्रक, ताशी पंचवीसनं. त्याला ओलांडू नये असा नियम आहे आणि तातोंनी जन्मात नियम मोडला नव्हता. दोन तास आम्ही त्या ट्रकच्या निळ्या दिव्यामागं. मी पेरोह्या खाल्ल्या, मग नडगीची पॅडं चढवली, मग छातीची, मग त्या चिमुकल्या गाडीत वाकडातिकडा होऊन स्केट्ससुद्धा बांधले. तातो समोर बघत होते. फक्त एकदा स्टिअरिंगवरची बोटं सोडून परत आवळली. आम्ही मागच्या दाराशी पोचलो तेव्हा आत राष्ट्रगीत चालू होतं. वॉर्म-अप होऊन बर्फ परत सपाट झाला होता. मी तसाच धावत बाकावर. चार मिनिटं खेळलो. बाहेर आल्यावर तातोंनी पहिल्यांदा विचारलं, "बर्फ कसा होता?" आणि मी म्हणालो, "बघायला वेळच मिळाला नाही, तातो." परतीच्या रस्त्यावर, एकटे, त्यांनी काय विचार केला असेल, हे मी आज पहिल्यांदा मनात आणलं. तेव्हा मी इतका खूश होतो की बाप मागं वळून गेलेलासुद्धा पाहिला नव्हता.

संध्याकाळी बोगद्यात उभे राहिलो. रबराच्या जमिनीवर पात्यांचा कटकट आवाज, नव्या टेपचा वास, बाहेर बँडचा धमधमाट. हा बोगदा मला घराच्या जिन्यापेक्षा पाठ आहे. नवा पोरगा, लेव्ही बेअर, उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीतला, चेहरा खडूसारखा. मी काठी तयार ठेवली. तोच गॅली कानाशी आला. "जमायचं नाही. पोरगं बेरकी आहे, त्याला कोणीतरी सांगितलंय. पहिला उतरणार नाही म्हणतो."

"मग?"

"तू पुढं हो. तू आहेस म्हटल्यावर तो मागनं येईल. दोन पावलं टाक आणि कुंपणाला चिकट, तो पुढं निघून जाईल. दार मी अडवतो."

युक्ती मला पटली. लबाडाला दुसऱ्याची लबाडी लगेच पटते. मी पोराच्या पाठीवर थाप मारली. "माझ्यामागनं ये. लांब राहू नकोस."

"हो, सर," तो म्हणाला. त्या 'सर'नं मला परत बसमध्ये नेऊन बसवलं, पण राग आला नाही. मी दार ओलांडलं. बर्फावर पहिलं पाऊल पडलं आणि कंबर दुखायची थांबली. हे कसं होतं ते डॉक्टरला विचारू नये. कोट घालून अकरा मॅचेस वर बसलो त्या सगळ्या दिवसांत मला हा एक आवाज हवा होता, ताज्या बर्फात पातं रुतल्याचा, कोरं कापड टरकावल्यासारखा. दोन पावलं, चार, सहा. आता कुंपणाला चिकटायचं. आणि मग मला ऐकू आलं की काही ऐकू येत नाही. डिफेन्समनला पाठीला कान असतात. मागं किती माणसं आहेत, कुठल्या बाजूनं, दमलेली की ताजी, हे मी न बघता सांगतो. माझ्यामागं कोणी नव्हतं.

मी वळलो. वळलो म्हणजे सवयीनं उलटाच झालो, पाठ पुढं, तोंड दाराकडं. दारात काठी आडवी होती. ती लेव्ही बेअरनं धरली होती, दोन्ही हातांनी, आणि त्याचा खडूसारखा चेहरा हसून हसून फुटायला आला होता. त्याच्यामागं एकोणीसजण, नव्हे, अठरा; त्यांत गॅली, टोपी काढून, जमिनीपर्यंत वाकलेला. "पळ रे, नव्या!" तो ओरडला. "पहिलीच मॅच आहे का?"

मला कळेना हात कुठं ठेवावेत. सोळा वर्षं, आठशेवर मॅचेस, आणि मी लग्नातल्या नवरदेवासारखा उभा. मग वरून, स्वस्त रांगेतून, एक ओळखीचा आवाज आला, "मागं बघून, कोस्टी!" आणि अख्खं स्टेडियम हसलं, तेरा वर्षांनी, सगळ्यांनी मिळून, माझ्याबरोबर. मी निघालो. या वेळी सरळ. गोलामागून वळसा घेतला, वारा तोंडावर घेतला; पुढून येणारं कोणी नव्हतं, अडवायचं कोणाला नव्हतं. काही न करता नुसतं पळायचं एवढंच काम मला या बर्फावर कोणी कधी दिलं नव्हतं. इतका आनंद झाला की मी चक्क मोठ्यानं ओरडलो, काय ओरडलो ते ठाऊक नाही. दिवे, झेंडे, कोणाचं तरी रडणारं बाळ. कोपऱ्यात बर्फ सपाट करणारी गाडी जिथून बाहेर पडते ते मोठं दार अर्धवट उघडं होतं, कामगारांची नेहमीची जागा. आणि तिथं कामगारांमध्ये, गावच्या मैदानाचं जुनं निळं जाकीट घालून, काखेत आइसक्रीमचा डबा धरून, तातो उभे होते. त्यांच्याशेजारी जॉसलिन, हातात आमच्या गाडीची किल्ली नाचवत. काच तडकलीय म्हणे. चार तास जायचे आणि चार यायचे!

मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि खाली बघायचं विसरलो. वॉर्म-अपसाठी पसरलेल्या पकांपैकी एक बरोबर पायाखाली आला. पाय गेले. मी जो आडवा झालो तो पोटावर घसरत घसरत थेट त्या मोठ्या दारापर्यंत, आणि तातोंच्या बुटांपासून हातभर अंतरावर थांबलो. दहा हजार माणसांनी एकदम 'ओ' केलं आणि मग जो हशा उसळला तो मी जन्मभर पुरवून पुरवून ऐकेन.

तातो गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. त्यांचे डोळे धुरकट होते, पण माझ्याकडेच होते. "गॅलीनं फोन केला होता," ते म्हणाले. "तुझी फेरी कशी झाली होती विचारत होता. मी त्याला ट्रकचं सांगितलं." त्यांनी काखेतला डबा हातात घेतला. "ओलांडायला हवा होता रे मी तो ट्रक. सोळा वर्षं वाटतंय."

"बरं झालं नाही ओलांडलात," मी म्हणालो. "तेव्हा पडलो असतो तर कोण हसलं असतं? मला ओळखत होतं कोण?"

ते हसले नाहीत. मागं लेव्हीनं काठी बाजूला केली असावी, कारण आता पात्यांचा आवाज येत होता, एकोणीस जोड्या, सगळ्या माझ्याकडे. मग तातोंनी विचारलं, हलक्या आवाजात, जणू मॅच संपलीय आणि आम्ही दोघंच फोनवर आहोत, "बर्फ कसा आहे?"

मी गाल बर्फाला टेकवला. थंड होता, ताजा होता, आणि दिव्यांत खालपर्यंत स्वच्छ दिसत होता.

"आज बघितला, तातो," मी म्हणालो. "अगदी जवळून."

"मग ऊठ आता," ते म्हणाले, आणि डबा काखेत सारून त्यांनी मला हात दिला. "अंगाखाली वितळतो."